पंख, इंजिन, धड, शेपूट

मार्गशीर्ष लागला की आमच्या गच्चीवरून आकाश नीट दिसू लागतं. पावसाळाभर ते गळत असतं, ऑक्टोबरात पांढुरकं पडून राहतं, आणि मग एका सकाळी कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून ठेवावं तसं निळंशार समोर येतं. मी स्वेटर काढतो. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. त्याच्या कोपराला एक भोक आहे. त्याबद्दल बायको दर वर्षी बोलते आणि मी दर वर्षी ऐकून घेतो. चहाचा कप घेऊन मी गच्चीवर जातो आणि लोहगाव विमानतळाच्या दिशेने येणाऱ्या आवाजाकडे कान लावून उभा राहतो.

परवा असाच उभा होतो. लेक शेजारी येऊन थांबली. वर एक ठिपका चमकला. मी डोळे बारीक करून पंखांचा कोन बघतोय तोवर तिने फोन आकाशाकडे धरला आणि विमान कुठल्या जातीचं, कुठून निघालं, कुठे चाललंय, किती उंचावर आहे, सगळं वाचून दाखवलं.

"झालं, बाबा. चला आता खाली, पोहे गार होतायत."

पोहे गार होत होते हे खरं. विमान ओळखलं गेलं हेही खरं. फक्त ते कुणी बघितलं नव्हतं. ती फोनकडे बघत होती, मी तिच्याकडे, आणि विमान आपलं निघून गेलं.

अशा वेळी मला तो एक हिवाळा आठवतो. आयुष्यात मी इतकं बारकाईने कधी बघितलं नव्हतं आणि इतक्या आत्मविश्वासाने कधी चुकलोही नव्हतो.

दोन हजार साल उजाडायचं होतं. त्या क्षणी जगातले सगळे संगणक एकोणीसशे साली परत जाणार, बँका बंद पडणार, दिवे जाणार अशी आवई उठली होती, आणि त्या आवईवर पुण्यातल्या माझ्यासारख्या असंख्य पोरांची चूल पेटत होती. आमचं काम सोपं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोन आकडे दिसले की त्यांचे चार करायचे. आईने एकदा विचारलं, "नक्की करतोस काय रे तू?" मी म्हटलं, "नव्व्याण्णवच्या आधी एकोणीस लिहितो." ती पोळी उलटत म्हणाली, "बाहेर कुणी विचारलं तर मी सॉफ्टवेअर एवढंच सांगते."

गावात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उगवू लागल्या होत्या. प्रत्येक सोसायटीत एक तरी मुलगा व्हिसाची वाट बघत होता. सकाळी दुचाकीवरून जाताना बोटं बधिर व्हायची, हातगाड्यांवर पेरूला मीठ-तिखट लागायचं, सायबर कॅफेबाहेर चपलांचा ढीग असायचा. सगळं शहर पुढच्या सालाकडे तोंड करून उभं होतं आणि मी नेमका त्याच वेळी मागे वळून साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या विमानांच्या नादी लागलो.

त्याला कारण बुधवार पेठ. जुना मोडेम घ्यायला गेलो होतो. शेजारच्या रद्दी-पुस्तकांच्या दुकानात परदेशी विमान-मासिकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा दिसला. मी हात घातला, तर दुसऱ्या बाजूने एका बाईंनी हात घातला. पांढरे आखूड केस, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट.

"हात काढा," त्या म्हणाल्या. "हा मी सांगून ठेवलाय."

"मी फक्त बघत होतो."

"बघता येतं का?" त्यांनी एक अंक उघडून शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. धुरकट फोटो होता, खाली एक प्रश्नचिन्ह. "सांगा, काय दिसतंय?"

मी नीट विचार करून म्हटलं, "विमान."

"छान. सुधारायला भरपूर वाव आहे. रविवारी सकाळी या."

या डॉक्टर करमरकरबाई. रेडिओलॉजिस्ट. पेठेतच मागच्या बोळात त्यांचं एक्स-रे क्लिनिक होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या आठवडाभर लोकांची फुप्फुसं आणि मणके वाचत आणि रविवारी, क्लिनिक बंद ठेवून, जुन्या विमानांचे फोटो. नवऱ्याला क्रिकेट आवडायचं म्हणून घरी बसवत नाही, असं एकदा सांगितलं होतं. थंडीत ती खोली बर्फासारखी गार असे. भिंतीवर शिशाचे जाड अंगरखे टांगलेले, समोर तो दुधी काचेचा दिवा, ज्याच्यावर एक्स-रे लावतात. निगेटिव्ह असली तर ती त्या काचेवर लावायची, कागदी फोटो असला तर टेबलावर ठेवून भिंगातून बघायचा. मधे थर्मासमधला चहा. तो त्या स्वतःच ओतून घेत. आपला आपण आणावा हे मला तिसऱ्या रविवारी कळलं.

त्यांची पद्धत एक्स-रे वाचण्याचीच होती. नाव घ्यायचं नाही. आधी दिसतं ते बोलायचं, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. पंख, इंजिन, धड, शेपूट. पंख एकावर एक दोन आहेत की एकच. वरचा पुढे सरकलाय का. मधल्या काठ्या सरळ की तिरक्या. इंजिन गोल की लांबट. धड पोटाळ की सडपातळ. शेपटीचं पातं पानासारखं की परशूसारखं. सगळं सांगून झालं, गप्प बसून पुन्हा एकदा बघून झालं, की मग नाव.

"निदानाची घाई तुम्हाला असते, पेशंटला नसते," त्या म्हणायच्या. "आणि आधी साधं काय असेल ते बघायचं. खोकला आला की पहिल्या दिवशी कुणी दुर्मिळ रोग शोधत नाही. नवे डॉक्टर शोधतात."

मी नवा डॉक्टर होतो. मला प्रत्येक विमान दुर्मिळ दिसायचं. एका फोटोत मी विमानाच्या पाठीवर एक लांब, नाजूक, वर वळलेली अँटेना शोधून काढली आणि हा वायुदलाचा गुप्त प्रकार असल्याचं जाहीर केलं. डॉक्टरबाईंनी चिमटा घेतला आणि अँटेना उचलून माझ्या तळहातावर ठेवली. माझाच केस होता. तेव्हा ते गळण्याइतके होते. दुसऱ्या एका रविवारी मी चुलतभावाच्या जुन्या अल्बममधून एक चार पंखांचं विमान घेऊन गेलो. त्याच्यावर अर्धा तास बोललो. वजन, वेग, कोणत्या देशाने बनवलं असावं, का सोडून दिलं असावं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंग विमानाच्या खाली नेलं. चाकांच्या जागी बांबू होते आणि बांबूंना झेंडूच्या माळा. गणेशोत्सवातला देखावा होता तो, प्लायवूडचा.

"वैमानिकही ओळखा," त्या म्हणाल्या. "सोंड दिसतेय."

हे सगळं होऊनही मी जात राहिलो, याचं कारण ती विमानं. जुन्या विमानांचं एक मोठं सुख असतं, ती एकमेकांसारखी दिसत नाहीत. आजची विमानं एकाच शाळेतून एकाच गणवेशात सुटलेल्या मुलांसारखी. त्या काळी मात्र कुणीही उठावं, दोन सुतार, एक इंजिन आणि कापडाचा तागा जमवावा आणि विमान करायला घ्यावं. कुणाला तीन मजली पंख, कुणाची शेपूट पुढे, कुणाचं नाक इतकं लांब की वैमानिकाला धावपट्टी दिसतच नसणार. एखादं जन्मात एकदाच उडालेलं. एखादं तेवढंही नाही. पण त्या कापडाला, त्या तारांना, त्या वाकवलेल्या लाकडाला कुणाच्या तरी हाताने घातलेलं वळण दिसायचं, आणि बघता बघता माझ्यासारख्या आकडे दुरुस्त करणाऱ्या माणसाला भरून यायचं. शेजारी बनवणारा उभा असे, डोक्याला टोपी, हात पाठीशी. पोरगं शाळेत पहिलं आलेल्या बापासारखा चेहरा.

आणि आम्ही तो चेहरा कापून टाकत असू. म्हणजे डॉक्टरबाई नाही, मी. ऑफिसच्या इंटरनेटवरून मी जगभरच्या विमानवेड्यांच्या एका ई-मेल गटात शिरलो होतो. तिथे कुणीतरी फोटो टाकायचा, बाकीच्यांनी ओळखायचा, आणि जो ओळखेल त्याने पुढचा टाकायचा. रीत अशी की फोटोतली माणसं, मोटारी, घरं आधी कापायची. टोपीवरून देश कळतो, मोटारीवरून साल कळतं, मग विमान कुणी बघत नाही. शुद्ध विमान पाठवायचं. ही रीत मला फार आवडली होती. त्या काळात मला सगळ्याच शुद्ध गोष्टी आवडायच्या.

त्या हिवाळ्यात आमच्या कंपनीकडे एका सरकारी कार्यालयाचे संगणक होते. तिथल्या अधिकारी कांबळे मॅडम. आमचा प्रत्येक बदल त्या स्वतः तपासत. त्यांच्यासमोर मी एकदा माझा संगणक चालू केला आणि पडद्यावर दुपंखी विमान आलं.

"हे असलं आमच्या घरी आहे," मॅडम म्हणाल्या.

"विमान?"

"फोटो. सासूबाईंचा. तुम्हाला ओळखता येईल?"

मी म्हटलं, "बघू की." हे दोन शब्द मी ज्या सुरात म्हटले तो सूर आठवला की आजही मी गच्चीवर एकटाच असलो तरी इकडेतिकडे बघतो.

येरवड्याला त्यांचा फ्लॅट. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं, कोपऱ्यात दोन नव्या कोऱ्या सूटकेस. मॅडमचा मुलगा अमोल अमेरिकेला निघाला होता. आमच्याच धंद्यात. गॅलरीतल्या उन्हात खुर्ची टाकून आजी बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, काटक, खांद्यावर शाल.

"तू इमानाचा डाक्टर का?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी, संगणकात आहे."

"मंग इमान कसं वळखनार?"

अमोल हसला. आजी हसल्या नाहीत. त्यांचं भांडण मोठं होतं आणि ते खाली कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं मी येताना वाचलं होतं. येत्या रविवारी संध्याकाळी विहारात सत्कार, कांबळे घराण्यातील पहिला विमानप्रवासी, चिरंजीव अमोल. आजींनी म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली होती. तो फळा त्यांनी काठी टेकत, एकेक अक्षर लावत वाचला होता आणि वर येऊन जाहीर केलं होतं की फळ्यावर खोटं लिहिलंय, ते पुसल्याशिवाय त्या सत्काराला येणार नाहीत. पहिल्या त्या.

हे त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या. अंगावर परकर होता त्या वयात, गावाबाहेरच्या माळावर एक विमान आलं होतं, लोकांना वर फिरवून आणणारं. त्याची राखण करायचं काम त्यांच्या वडिलांकडे. सकाळी, बाकीची माणसं यायच्या आधी, विमान चालवणाऱ्या साहेबाला एक फेरी मारून बघायची होती. त्याने राखणदाराला खूण केली, चल. बाप घाबरला. पोरगी म्हणाली, मी जाते.

ट्रंकेतून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला फोटो आला. विमान उजव्या अंगाने दिसत होतं. मागच्या बाजूला उघड्या खळग्यात एकटा वैमानिक, डोक्याला कातडी टोपी. उजव्या कडेला, विमानाच्या नाकापुढे, मुंडासं बांधलेला एक उंच माणूस काठी धरून ताठ उभा.

"आमचा बा," आजी म्हणाल्या.

"पण आजी, फोटोत तू कुठेयस?" अमोल म्हणाला. हा प्रश्न त्या घरात फार जुना असावा, कारण तो विचारताना त्याने चहाचा घोटही थांबवला नाही.

"म्या पल्याडच्या अंगाला व्हते."

"पलीकडे म्हणजे बरोब्बर जिथे दिसत नाही तिथे."

"त्या फोटूवाल्याला इचार, ह्या अंगाला का हुबा ऱ्हायला ते."

जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मी सून म्हणून आले तेव्हापासून ऐकतेय. सगळे हसतात. माझे मिस्टरसुद्धा हसायचे. त्या एरवी कधी खोटं बोलत नाहीत हो. मला एकदा कळायला हवं. त्यांच्या हयातीत."

मी फोटो घेऊन ऑफिसात आलो. आमच्याकडे नवा स्कॅनर आला होता आणि त्याच्याबरोबर फोटो साफ करायचं सॉफ्टवेअर. मी मन लावून काम केलं. फोटोवर बुरशीचे डाग होते, ते एकेक करून पुसले. धडाच्या मध्यावर एक मोठा काळा डाग होता, तोही पुसून शेजारचा रंग भरला. खालचं गवत डागाळलेलं होतं, ते कापलं. उजवीकडचा माणूस रीतीप्रमाणे कापला. उरलं ते शुद्ध विमान. पोटाळ धड, पुढे कसलीही खिडकी नाही, दार नाही, माणूस बसायला जागा एकच आणि तीही पार मागे. मी पुस्तकं उलटसुलट चाळली आणि शोध लागला. टपालाचं विमान. पोटात पत्रांच्या थैल्या, मागे एकटा वैमानिक. कुण्या कारखान्याने नमुना म्हणून बनवलेलं, पुढे खपलंच नाही असं. गटावर टाकलं, तर दूरदेशीच्या दोन जाणकारांनी अभिनंदन केलं. एकाने लिहिलं, जगात याचा बहुधा हा एकच फोटो असेल.

मी येरवड्याला पोचलो तो तरंगतच. आल्या आल्या सांगून टाकलं. विमान अत्यंत दुर्मिळ. एकाच माणसाचं. दुसऱ्याला बसायला जागाच नाही.

हे शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला ऐकू आलं.

अमोल म्हणाला, "बघ, आजी," आणि मग त्यालाही कसंतरी झालं असावं, कारण तो सूटकेसचं कुलूप उघडझाप करू लागला. मॅडम हातातल्या टॉवेलची घडी करत राहिल्या. मी फोटो पुढे केला. आजींनी तो घेतला नाही.

"शिकल्याली मानसं सांगत्यात तर तसंच असंल," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. दुर्मिळ हाय म्हनतोस."

आणि त्यांनी खुर्ची फिरवली, उन्हाकडे पाठ करून बसल्या.

त्या रविवारी क्लिनिकवर मी छापून आणलेलं चित्र टेबलावर ठेवलं आणि सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरबाईंनी चित्राकडे फक्त एकदा बघितलं.

"हे काय आहे?"

"साफ केलेली प्रत."

"मी पेशंटचा एक्स-रे मागितला तर तुम्ही मला त्याचा लग्नातला फोटो दाखवताय. मूळ फोटो कुठाय?"

पिशवीत होता. फडक्यासकट. त्यांनी तो टेबलावर ठेवला, दिवा वाकवला आणि भिंग डोळ्याला लावलं. मला म्हणाल्या, "बोला. नावं नकोत."

मी बोललो. पंख दोन. काठ्या तिरक्या. इंजिन लांबट, खाली धुराची नळी. शेपूट गोलसर.

"शेपूट कुठे पाहिलीत अशी?"

पाहिली होती. प्रत्येक दुसऱ्या अंकात. ती मॉथ, म्हणजे पतंग-किड्यांची नावं घेतलेल्या घराण्याची शेपूट होती, टायगर मॉथ वगैरे, त्या काळी रस्त्यात सापडावीत इतकी साधी विमानं. मला दुर्मिळ हवं होतं म्हणून मी शेपटीपर्यंत पोचलोच नव्हतो.

"आता धड. हे मधलं काळं काय आहे?"

"बुरशी. मी पुसली."

"तिचे कोपरे बघा."

मी बघितले. चार होते.

"अहो संगणकवाले," डॉक्टरबाई म्हणाल्या, "बुरशी पट्टीने आखून वाढत नाही. ही खिडकी आहे. तुम्ही खिडकी पुसलीत."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती. त्या पुढे सांगत होत्या, अगदी हळू, मला नव्हे, त्या विमानाला सांगितल्यासारखं. हे फॉक्स मॉथ. पंखांच्या मधे, या पोटात, बंद खोली आहे. तीन-चार माणसं समोरासमोर बसतात. वैमानिक मागे, वर, उघड्यावर. तो इतका मागे बसलाय कारण पुढे माणसं आहेत. लोकांना फिरवून आणायला हेच वापरायचे.

"पण दार नाही दिसत," मी म्हटलं. बुडता माणूस काहीही धरतो.

"सिटी बसचा रस्त्याच्या बाजूने फोटो काढला तर दार दिसत नाही. मग आतली माणसं नाहीशी होतात का? याचं दार डाव्या अंगाला." त्यांनी भिंग खाली केलं. "बाई काय म्हणाल्या होत्या? नेमकं सांगा."

"म्हणाल्या, मी पलीकडच्या बाजूला होते."

"मग पलीकडे बघितलंत?"

विमानाच्या पलीकडे कसं बघणार, असं मी विचारणारच होतो. त्यांचं भिंग आधीच सरकत होतं. धडाच्या खाली, चाकाच्या मागे, जिथे माझ्या प्रतीत काहीच नव्हतं कारण तिथलं गवत मी कापलं होतं. तिथे विमानाचं पोट आणि जमीन यांच्यामधे उजेडाची एक फट होती. फटीत एक लाकडी खोकं होतं. खोक्यावर एक पाऊल, लहान, अनवाणी. दुसऱ्या पावलाची टाच उचललेली. वर परकराचा काठ, आणि त्याच्या वर विमान.

डॉक्टरबाईंनी भिंग माझ्या हातात दिलं आणि चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. तो मुळीच धुरकटलेला नव्हता. चष्मा पुसण्याच्या त्या प्रकाराबद्दल मी त्यांना पुढे अनेक वर्षांत एकदाही छेडलं नाही, यावरून मला त्यांच्याबद्दल काय वाटतं ते समजावं.

"सत्कार कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"आज. संध्याकाळी."

"मी येते. निदान चुकलं की पेशंटला तोंडाने सांगायचं असतं. तुम्ही सांगा, मी शेजारी उभी राहते."

येरवड्याला जाताना बंडगार्डनचा पूल त्यांनी गाडीने ज्या वेगाने ओलांडला तो पाहता त्या विमान चालवायलाच जन्माला आल्या होत्या असं माझं मत झालं. मी वाक्यं जुळवत होतो. पोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. मी आजींच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "आजी, मी खिडकी पुसली होती."

मग मी सगळं सांगितलं, बुरशी, गवत, दार, बस. मॅडम दारात उभ्या होत्या, अमोल सूटकेसवर बसला होता. डॉक्टरबाईंनी फोटो आजींच्या मांडीवर ठेवला, भिंग त्यांच्या हातात देऊन तो हात स्वतः धरून खाली नेला.

"इथे बघा, बाई. खोक्यावर."

आजी खूप वेळ बघत राहिल्या. त्यांचे ओठ फळा वाचताना हलले असतील तसे हलत होते.

"ह्यो खोका आमच्या बानं आनला व्हता," शेवटी त्या म्हणाल्या. "च्याचा. माजा पाय वर पोचत न्हवता." मग बोटाने त्या पावलाला अगदी हळू शिवल्या, झोपलेल्या मुलाच्या अंगाला हात लावावा तसं. "मी म्हनायचे आन् मलाच वाटाय लागलं व्हतं, सपान तर न्हवं."

मॅडमनी मान फिरवली. अमोल उठला आणि जिना उतरून गेला. गॅलरीतून मला दिसलं, तो कोपऱ्यावर फळा पुसत होता. हाताने, फडकं शोधायला न थांबता. त्याने खडू घेतला, 'पहिला' होतं तिथे 'दुसरा' लिहिलं, थोडा मागे झाला आणि वरच्या बाजूला आजींचं नाव लिहिलं, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट.

त्या नावाचं मला आजही आश्चर्य वाटतं. आमच्या गटातले सगळे जाणकार, पुस्तकांचे ढीग, माझं ते सॉफ्टवेअर, आम्ही सगळे विमानाचं नाव शोधत होतो. शोधायचं होतं ते दुसरंच. विमानं मोठ्या डौलाची होती खरी, अजूनही त्यांचे फोटो बघताना माझा चहा गार होतो. पण त्या दिवसापासून मी पोटाखालची फट आधी बघतो. बहुतेक वेळा तिथे गवतच असतं.

अमोल वर आला. हात खडूने पांढरे. आजींच्या पायाशी उकिडवा बसला. दोन दिवसांनी तो स्वतः पहिल्यांदा उडणार होता आणि त्याला भीती वाटत होती, हे त्याने घरात कुणाला सांगितलं नसावं.

"आजी," त्याने विचारलं, "वरून काय दिसतं?"

आजींनी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत सगळ्यांनी त्यांना गेली होतीस का एवढंच विचारलं असणार.

"समदं दिसतं. म्या आदी आमच्या गावची हीर हुडकली," त्या म्हणाल्या. "वरल्या आळीची. आमाला तिच्या पायरीवर पाय ठिवू देत न्हवते. घागर घिऊन लांब हुबं ऱ्हायाचं. कुनाला दया आली तर वरनं वतायचं, न्हाईतर तसंच माघारी. मला वाटायचं लई मोठी हीर हाय." त्यांनी तळहाताची खोलगट वाटी केली आणि ती नातवाच्या डोळ्यांपुढे धरली. "एवढी व्हती रं. एवढीशीच."

मग त्यांनी मूठ मिटली, खुर्चीच्या हाताला धरून उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "माजं पांढरं लुगडं काढ. आन् ह्या दोगांना बी घे संगं."